क्लिपलेस पेडल निवडताना : बूट, क्लीट आणि गुडघा

रोड सायकल प्रथमच विकत घेणाऱ्या अनेकांना दुकानातच एक धक्का बसतो. हजारो, प्रसंगी लाखो रुपये मोजून घेतलेल्या सायकलला पेडलच नसतात. हा दुकानदाराचा विसरभोळेपणा नव्हे आणि फसवणूकही नव्हे. उंची रोड सायकली बनविणाऱ्या कंपन्या असे गृहीत धरतात की, स्वाराने आपल्या बुटांना जुळणारी पेडल आधीच निश्चित केलेली असतील. नवख्या स्वाराचे मात्र असे काही ठरलेले नसते. मग मित्राने घेतली ती, टूर द फ्रान्सच्या प्रक्षेपणात दिसली ती, किंवा त्या दिवशी दुकानात शिल्लक होती ती पेडल घेतली जातात. सायकलचा जो भाग शरीराला सर्वांत घट्ट जोडला जातो, तोच असा योगायोगाने निवडला जातो.

त्याची किंमत पुढे गुडघ्याला मोजावी लागते. मिनिटाला ८५ फेऱ्या या सर्वसाधारण गतीने तासाभरात प्रत्येक गुडघा पाच हजारांहून अधिक वेळा वाकतो आणि सरळ होतो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये हा आकडा चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो. साध्या पेडलवर पाऊल अवघडले की ते आपसूक सरकते. क्लिपलेस पेडलवर ते जखडलेले असते. कोन चुकला असेल, तर तीच चूक पन्नास हजार वेळा गिरवली जाते.

नावामागील गोष्ट

‘क्लिपलेस’ म्हणजे क्लिप नसलेले. प्रत्यक्षात तर बूट पेडलमध्ये खटकन अडकतो. या विसंगतीचे उत्तर इतिहासात आहे. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ शर्यतीतील स्वार पेडलच्या पुढच्या बाजूस बसविलेल्या पिंजऱ्यात, म्हणजे टो-क्लिपमध्ये, चवडा घालीत आणि चामडी पट्टा आवळून पाय बांधून घेत. थांबण्यापूर्वी हात खाली नेऊन पट्टा सैल करावा लागे. ही टो-क्लिप ज्यात नाही, ते पेडल ‘क्लिपलेस’.

बूट पेडलला अडकविण्याची कल्पना तशी जुनी. अमेरिकेतील चार्ल्स हॅन्सन यांनी १८९५ मध्येच पाय वळवून अडकविता व सोडविता येणारे पेडल तयार केले होते. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी इटलीतील चिनेल्ली कंपनीने एम-७१ नावाचे पेडल बाजारात आणले. मात्र त्यातून पाय सोडविण्यासाठी हाताने खटका सरकवावा लागे. पडताना पेडलपर्यंत हात नेण्याइतकी सवड कोणाला मिळणार? ते पेडल रुजले नाही.

खरा बदल घडविला तो बर्फावरील स्कीला बूट अडकविणारे खटके बनविणाऱ्या ‘लूक’ या फ्रेंच कंपनीने. स्की खेळणारा पडला की त्याचा बूट आपोआप सुटला पाहिजे, अन्यथा पाय मोडतो. हीच युक्ती कंपनीने १९८४ मध्ये सायकलच्या पेडलला लावली : दाबले की अडकते, टाच बाहेरच्या बाजूस वळविली की सुटते. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, फ्रान्सच्या बर्नार्ड इनो यांनी ही पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि चामडी पट्ट्यांचे दिवस भरले. गुडघ्याच्या दुखण्यामुळे इनो यांना १९८० ची टूर पिवळी जर्सी अंगावर असताना सोडावी लागली होती आणि १९८३ च्या टूरला मुकावे लागले होते, हेही येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण सुरुवातीच्या लूक पेडलमध्ये पाऊल अगदी एकाच कोनात जखडले जाई आणि अनेक स्वारांच्या गुडघ्यांना ते मानवेना. पाऊल अडकलेले असतानाही ते थोडे इकडेतिकडे फिरू द्यावे, हा विचार त्यानंतर पुढे आला. लूकमधून बाहेर पडलेल्या जाँ बेल यांच्या ‘टाइम’ कंपनीने तो प्रामुख्याने रुजविला आणि आज तो सर्वच कंपन्यांनी स्वीकारला आहे. जपानच्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये एसपीडी हे लहान धातूच्या क्लीटचे पेडल आणले. ते मुख्यतः डोंगरी सायकलींसाठी होते; पण आपल्या चर्चेत त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

‘वर ओढण्याचा’ लाभ किती?

क्लिपलेस पेडलची शिफारस करताना हमखास सांगितले जाते की, पाय अडकलेला असल्याने पेडल खाली दाबता येते तसे वरही ओढता येते आणि त्यामुळे शक्ती वाढते. हे अर्धसत्य आहे. स्वारांना मुद्दाम वर ओढायला सांगून केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, पेडलवरील बलाची दिशा सुधारते, पण तेवढ्याच कामासाठी शरीराला प्राणवायू अधिक लागतो. संथ, एकसारख्या गतीने चालविताना साधी पेडल आणि क्लिपलेस पेडल यांच्या कार्यक्षमतेत लक्षणीय फरक दिसत नाही, असाही निष्कर्ष निघाला आहे. वर येणाऱ्या पायाचे ओझे खाली जाणाऱ्या पायावर पडू न देणे, इतपतच काम निष्णात स्वाराचा मागचा पाय करीत असतो.

मग ही पेडल घ्यावीत कशासाठी? खड्ड्यातून जाताना, पावसात किंवा जोरात पेडल मारताना पाऊल घसरत नाही. चढावर खोगीर सोडून उभे राहिले, तरी पाय जागेवर राहतो. तासन् तास पाऊल एकाच, योग्य ठिकाणी राहते. कडक तळाच्या बुटामुळे दाब तळव्यावर पसरतो. हे लाभ खरे आहेत आणि लांब पल्ल्याच्या स्वाराला पुरेसे आहेत. सरासरी वेग ताशी पाच किलोमीटरने वाढेल, या आशेने मात्र ही पेडल घेऊ नयेत. दररोज सात-आठ किलोमीटर अंतरावरच्या कार्यालयात जाणाऱ्याला चांगली रुंद साधी पेडल पुरतात, हे दुकानात कोणी सांगत नाही म्हणून येथे सांगितले पाहिजे.

तीन बोल्ट की दोन?

बाजारात नावे पुष्कळ असली, तरी मूळ घराणी दोनच. बुटाच्या तळाशी क्लीट बसविण्यासाठी तीन छिद्रे त्रिकोणात असतात किंवा दोन छिद्रे शेजारी-शेजारी असतात.

तीन बोल्टची पद्धत ही खास रोड सायकलची. लूक किओ आणि शिमानो एसपीडी-एसएल ही तिची सर्वाधिक प्रचलित रूपे. क्लीट तळहाताच्या निम्म्याएवढी, प्लास्टिकची व बुटाच्या तळाबाहेर आलेली असते. पेडलचा पृष्ठभाग रुंद असल्याने पाय डुगडुगत नाही. मोठ्या ताकदीने पेडल मारणाऱ्याला हा स्थिरपणा जाणवतो. उणिवा दोन. पहिली, पेडलला एकच कामाची बाजू असते. मागची बाजू जड असल्याने पेडल तोंड वर करून लोंबते. त्याच्या नाकाडात क्लीटचे टोक घालून खाली दाबायचे, अशी सवय करावी लागते. दुसरी उणीव चालण्याची. टाच खाली, चवडा वर, अशी बदकाची चाल होते आणि ओल्या फरशीवर तर घसरगुंडीच. लूक किओ आणि एसपीडी-एसएल यांच्या क्लीट दिसायला मावसबहिणी वाटल्या, तरी एकीची दुसरीत बसत नाही, हे विकत घेण्यापूर्वी पडताळून पाहावे. लूकची जुनी ‘डेल्टा’ क्लीट तर आणखी वेगळी. व्यायामशाळेतील काही स्थिर सायकलींवर ती अजूनही आढळते.

दोन बोल्टच्या पद्धतीत शिमानोचे एसपीडी सर्वांत परिचित. क्लीट लहान, पोलादी आणि बुटाच्या रबरी तळाच्या खोबणीत दडलेली असते. त्यामुळे चहाच्या टपरीपर्यंत, मंदिराच्या पायऱ्यांवर, पंक्चर झालेली सायकल ढकलत दोन किलोमीटरही माणसासारखे चालता येते. बहुतेक एसपीडी पेडल दोन्ही बाजूंनी अडकतात, खाली पाहावे लागत नाही. एका बाजूला खटका आणि दुसऱ्या बाजूला सपाट, अशीही पेडल मिळतात. आठवडाभर चपलेवर व रविवारी बुटांवर सायकल चालविणाऱ्यांसाठी ती सोयीची. दोन छिद्रांच्या बुटावर क्रँकब्रदर्ससारख्या अन्य कंपन्यांच्या क्लीटही बसतात. मात्र बुटाची छिद्रे सारखी असली, तरी क्लीट आणि पेडल एकाच पद्धतीचे लागतात.

एसपीडीचे वजन अधिक, ही तक्रार खरी. शिमानोच्या अल्टेग्रा श्रेणीतील रोड पेडलची जोडी सुमारे २५० ग्रॅमची आणि साधी एसपीडी जोडी सुमारे ३८० ग्रॅमची असते. फरक १३० ग्रॅमचा. पाण्याच्या बाटलीतील चार-पाच घोटांइतका. शर्यत जिंकण्या-हरण्याच्या टप्प्यावर असलेल्यांनी त्याचा विचार अवश्य करावा.

पाय किती वेळा टेकतो?

निवडीचा सर्वांत उपयोगी निकष वजन नाही, किंमत नाही आणि कोणता व्यावसायिक संघ काय वापरतो हेही नाही. आपल्या नेहमीच्या फेरीत पाय किती वेळा जमिनीवर टेकतो आणि टेकल्यावर किती चालावे लागते, हे प्रथम मोजावे. युरोपातील शर्यतींसाठी रस्ता बंद केलेला असतो. तेथील स्वार प्रारंभी एकदा बूट अडकवितो आणि अंतिम रेषेपलीकडे सोडवितो. तीन बोल्टची पेडल त्या जगात जन्मली आहेत.

पुण्याच्या मध्यवस्तीतून सिंहगडाकडे निघालेल्या स्वाराची गोष्ट निराळी. खडकवासल्यापर्यंत सिग्नल, रिक्षा, बसथांबे आणि गतिरोधक यांत पाय कितीदा निघतो याची गणती नसते. पुढे गडाच्या अरुंद चढावर समोरून जीप आली की थांबावे लागते आणि त्याच चढावर पुन्हा निघावे लागते. तीव्र चढावर सायकलला गती येण्यापूर्वी एक-दोन फेऱ्यांतच दुसरा पाय अडकला पाहिजे. एकाच बाजूचे पेडल उलटे लोंबत असेल, तर नवशिक्याची तेथेच त्रेधा उडते. दोन्ही बाजूंनी अडकणाऱ्या एसपीडीचे मोल तेथे समजते.

ब्रेव्हेचेही तसेच. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास, अशी मुदत असलेल्या या उपक्रमात नियंत्रण-नाक्यांवर उतरणे, शिक्का किंवा पावती घेणे, जेवणे, रात्री रस्त्याकडेला पंक्चर काढणे हे सर्व बुटांनिशीच करायचे असते. म्हणूनच रोड सायकलवर ‘डोंगरी’ एसपीडी लावलेले अनेक अनुभवी ब्रेव्हेपटू दिसतात. दुकानात कोणी ‘रोड सायकलला हे शोभत नाही’ म्हणाले, तर ऐकून सोडून द्यावे.

याउलट जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर पहाटे पाचला निघून लोणावळ्यापर्यंत क्वचितच थांबणारे, गटाने वेगात जाणारे, शर्यतींचा सराव करणारे किंवा घरी स्थिर ट्रेनरवर तास-दोन तास चालविणारे, यांनी तीन बोल्टची पेडल घ्यावीत. ट्रायथलॉनपटूंनाही तीच सोयीची. बूट पेडलवरच अडकवून ठेवून अनवाणी धावत येऊन सायकलवर स्वार होण्याची त्यांची रीत असते. गोव्यात २०१९ मध्ये आयर्नमॅन ७०.३ सुरू झाल्यापासून ही रीत आपल्याकडच्या प्रेक्षकांनाही परिचित झाली आहे.

द्विधा असेल, तर पहिली खरेदी एसपीडीची करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती स्वस्त पडते, टिकते आणि पुढे तीन बोल्टकडे वळले, तरी तेच पेडल शहरात वापरायच्या दुसऱ्या सायकलला कामी येते.

गुडघ्याची मोकळीक

बूट अडकलेला असतानाही टाच डावी-उजवीकडे किती अंश फिरू शकते, याला सायकलच्या भाषेत ‘फ्लोट’ म्हणतात. आपण तिला मोकळीक म्हणू. पेडल निवडताना हा शब्द कानावर पडला नाही, तर स्वतःहून विचारावा.

क्लीटचा रंग ही मोकळीक सांगतो. पण प्रत्येक कंपनीची रंगभाषा वेगळी, आणि येथेच गफलत होते. शिमानो एसपीडी-एसएलमध्ये पिवळी क्लीट ६ अंश, निळी २ अंश आणि लाल शून्य अंश मोकळीक देते. लूक किओमध्ये मात्र लाल क्लीट सर्वाधिक म्हणजे ९ अंश देते, राखाडी साडेचार अंश आणि काळी शून्य. म्हणजे एका कंपनीची लाल क्लीट पाऊल पूर्ण जखडते, तर दुसरीची लाल सर्वांत सैल. मित्राने ‘लाल घे’ म्हटले, तर कोणत्या कंपनीची, हे आधी विचारावे.

नवख्याने शून्य अंशाच्या वाटेला जाऊ नये. ज्यांनी तज्ज्ञाकडून मोजमाप करून क्लीट बसवून घेतली आहे आणि ज्यांचा पाय वर्षानुवर्षे त्याच रेषेत फिरत आला आहे, त्यांच्यासाठी ती आहे. गुडघा सरळ बिजागरीसारखा चालत नाही. वाकताना व सरळ होताना नडगीचे हाड किंचित वळते. त्या वळण्याला खाली वाव मिळाला नाही, तर ताण गुडघ्यावर येतो. पिवळी शिमानो किंवा राखाडी लूक क्लीट बहुतेकांना मानवते आणि पेडलच्या खोक्यातही बहुधा तीच येते. मोकळीक फार झाली की पाय बर्फावर असल्यासारखा वाटतो, असे काही स्वार सांगतात. हा सवयीचा आणि आवडीचा भाग आहे. एसपीडीच्या नेहमीच्या क्लीटमध्ये सुमारे ४ अंशांची मोकळीक असते.

टाच वळवून सुटणे आणि मोकळीक या वेगळ्या गोष्टी आहेत. स्प्रिंगचा ताण हा सुटण्याशी संबंधित. तो बहुतेक पेडलवर एका लहान स्क्रूने कमी-अधिक करता येतो. आरंभी तो सर्वांत कमी ठेवावा आणि दोन्ही पेडलवर स्क्रूचे ‘टक’ मोजून सारखा ठेवावा. एसपीडीसाठी एसएच-५६ ही क्लीट वेगळी मिळते. ती अनेक दिशांना, घाबरून पाय वर ओढला तरीही सुटते. पहिल्या महिन्यासाठी ती चांगली. उभे राहून जोर लावताना ती अनपेक्षितपणे सुटू शकते, म्हणून हात बसल्यावर बदलावी.

टाइम आणि स्पीडप्ले

या दोन पद्धती आपल्याकडे कमी दिसतात. टाइमच्या रोड पेडलमध्ये पाऊल वळण्याबरोबरच आडवेही किंचित सरकते. नाजूक गुडघ्यांचे स्वार तिचे गुणगान करतात. २०२१ मध्ये टाइमचा पेडल-व्यवसाय अमेरिकेच्या स्रॅम कंपनीने घेतला.

स्पीडप्लेचे पेडल गोळीच्या चॉकलेटसारखे गोल आणि दोन्ही बाजूंनी अडकणारे. खटका पेडलमध्ये नसून क्लीटमध्ये असतो. मोकळीक शून्य ते १५ अंशांपर्यंत हवी तशी ठरविता येते. अन्य कोणत्याही रोड पेडलवर इतकी सूट मिळत नाही. २०१९ मध्ये वाहू कंपनीने ती विकत घेतली आणि २०२१ मध्ये नव्या रूपात आणली. उणीव अशी की, क्लीटमध्ये चिखल-वाळू शिरली की ती अडकेनाशी होते. कोकणातल्या लाल मातीत उतरून फिरणाऱ्याने दोनदा विचार करावा. क्लीट कोणत्या दुकानात मिळते, हा प्रश्नही आहेच. पेडल परदेशातून आणता येते. पण क्लीट ही झिजणारी वस्तू आहे आणि ती ऐन हंगामात मिळाली नाही, तर सायकल भिंतीला लागून राहते.

पुढे-मागे ताकद मोजणारी पेडल घेण्याचा मानस असेल, तर तेही आताच ध्यानात घ्यावे. गार्मिनची २०२१ मधील रॅली पेडल एसपीडी, एसपीडी-एसएल व लूक किओ अशा तिन्ही पद्धतींत आली. सर्व कंपन्यांचे तसे नाही.

बूट आधी

खर्चाची वाटणी करताना बहुतेक जण पेडलवर अधिक आणि बुटांवर कमी पैसे घालतात. ते उलटे करावे. स्वस्त आणि महाग पेडल यांच्यात बेअरिंग, वजन व साहित्य यांचा फरक असतो, पण पकड जवळपास तीच. बूट मात्र पायाला रोज भेटतो. तो सायंकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, नेहमीचे मोजे घालून पाहावा. टाच उचलली जाता कामा नये आणि बोटे चेपली जाता कामा नयेत. चवडा रुंद असेल, तर रुंद साच्याचा बूट मागावा. अन्यथा पन्नास किलोमीटरनंतर बोटे बधिर होतात आणि दोष पेडलला दिला जातो. कार्बनचा तळ सर्वांत कडक. सुरुवातीला नायलॉनचा तळ चालतो. काही बुटांच्या तळाला दोन्ही प्रकारची छिद्रे असतात. ते तडजोडीचे बूट असले, तरी पद्धत बदलण्याची शक्यता असणाऱ्यांना उपयोगी पडतात.

क्लीट बसविताना

येथे घाई करू नये. एक संपूर्ण सायंकाळ राखून ठेवावी. बूट घालून अंगठ्याच्या मुळाशी असलेले हाडाचे टेंगूळ चाचपावे आणि बुटाच्या बाजूवर तेथे खूण करावी. करंगळीच्या मुळाशीही तसेच करावे. पेडलचा आस या दोन खुणांच्या मध्ये कोठेतरी यावा. शंका असेल, तर क्लीट पुढे नव्हे, थोडी मागे टाचेकडे सरकवावी; त्याने पोटरीवरचा ताण कमी होतो.

कोनासाठी उंच टेबलाच्या कडेला बसून पाय मोकळे लोंबकळू द्यावेत. कोणाची पावले सरळ राहतात, कोणाची बाहेर वळतात, क्वचित एक सरळ आणि एक बाहेर असते. तेच आपले नैसर्गिक वळण. क्लीट त्याला धरून बसवावी, म्हणजे मोकळीक दोन्ही बाजूंना सारखी उरते. पावले सरळ ‘दिसावीत’ म्हणून ती ओढूनताणून समांतर करणे, हा गुडघेदुखीचा राजमार्ग होय. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावून ते ५ ते ६ न्यूटन-मीटर इतके आवळावेत. ग्रीस नसेल, तर पुढच्या पावसाळ्यानंतर ते गंजून निघत नाहीत.

पेडल क्रँकवर चढविताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, याचे विस्मरण होऊ देऊ नये. सोपी खूण अशी : पाना वरच्या बाजूस धरून सायकलच्या पुढच्या चाकाकडे फिरविला की दोन्ही पेडल घट्ट होतात, मागच्या चाकाकडे फिरविला की सैल. आट्यांना येथेही ग्रीस हवेच.

पेडल व बूट बदलले की तळव्यापासून आसापर्यंतचे अंतर बदलते, आणि म्हणून खोगिराची उंचीही काही मिलिमीटर बदलावी लागते. जाड तळाच्या धावण्याच्या बुटावरून पातळ तळाच्या सायकल-बुटावर आलेल्याला हे विशेष जाणवते. ढोबळ संकेत असे : दुखणे गुडघ्याच्या पुढच्या बाजूस असेल, तर खोगीर खाली असण्याची किंवा गिअर जड असण्याची शंका घ्यावी, मागच्या बाजूस असेल, तर खोगीर वर असण्याची, आतल्या किंवा बाहेरच्या कडेला असेल, तर क्लीटचा कोन प्रथम तपासावा. एका वेळी एकच बदल करावा, तोही दोन-तीन मिलिमीटरचा किंवा एखाद्या अंशाचा, आणि जुन्या जागेभोवती पेनाने रेघ मारून ठेवावी. दोन आठवड्यांत दुखणे हटले नाही, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

सिग्नलवरचे पडणे

क्लिपलेस पेडलवरचे पडणे बहुधा वेगात नव्हे, तर थांबताना होते. सिग्नल येतो, वेग संपतो, स्वार सवयीने पाय बाजूला किंवा वर ओढतो. तो सुटत नाही आणि सायकल झाडासारखी आडवी होते. मनगट आणि कोपर यांना मार बसतो. आपल्या रस्त्यांवर त्याहून गंभीर बाब म्हणजे उजवीकडे पडणे, कारण वाहतूक तिकडूनच येते. म्हणून नेहमी डावा पाय आधी सोडविण्याची सवय लावावी आणि थांबताना भार डावीकडेच द्यावा. साखळीही उजव्या बाजूस असल्याने पोटरीवर काळे डागही पडत नाहीत, हा वरकड फायदा.

सराव प्रथम घरात भिंतीला टेकून करावा. प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवावा आणि सोडवावा. मग मैदानातील हिरवळीवर. रस्त्यावर पाय सोडविण्याची क्रिया थांबण्याच्या क्षणी नव्हे, तर दहा-पंधरा मीटर आधी, पेडल तळाशी असताना करावी. पुढे बस उभी आहे, गाय बसली आहे, शाळा सुटली आहे, अशा ठिकाणी एक पाय सुटाच ठेवून पुढे जाणे, यात कमीपणा काही नाही.

पावसाळा आणि झीज

महाराष्ट्रातील पावसाळा पेडलची परीक्षा घेतो. प्रत्येक ओल्या फेरीनंतर पेडल स्वच्छ पाण्याने धुऊन पुसावीत आणि खटक्याच्या बिजागरीवर तेलाचा थेंब सोडावा. पेडलचा जो भाग बुटाला टेकतो, तेथे तेल लागू देऊ नये. एसपीडीच्या खोबणीत चिखल व खडे बसतात, ते काडीने काढावेत. तीन बोल्टच्या क्लीटला रबरी टोपण मिळते. चहासाठी उतरताना ते चढविले, तर क्लीटचे आयुष्य वाढते.

प्लास्टिकच्या क्लीटवर झिजेची खूण म्हणून दुसऱ्या रंगाचा थर असतो. तो झिजून गेला, पाय अडकल्यावर डुलू लागला किंवा नकळत सुटू लागला, की क्लीट बदलावी. पेडल बदलण्याची गरज नसते. जुनी पेडल विकत घेताना नव्या क्लीटचा खर्च धरूनच भाव ठरवावा. पोलादी एसपीडी क्लीट पुष्कळ अधिक टिकते, पण तिची झीज डोळ्यांना दिसत नाही. सुटायला अडखळू लागली, हीच तिची सूचना. नवी क्लीट बसविण्यापूर्वी जुनीभोवती रेघ मारून घ्यावी आणि तीच जागा धरावी. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर स्क्रू पुन्हा आवळावेत. क्लीटचा एखादा स्क्रू वाटेत गळून पडला, तर टाच वळविल्यावर बूटच क्लीटवर फिरतो आणि पाय सुटत नाही. अशा वेळी बुटाचा पट्टा सोडून पाय बाहेर काढावा लागतो. ब्रेव्हेला निघताना दोन जादा स्क्रू आणि अॅलन की खोगिराखालच्या पिशवीत असाव्यात.